दहा नंबरची सुई म्हणजे नक्की केवढी?

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या लंच टेबलवर दोन विषय हमखास येतात. एक, यंदा हुरडा पार्टी कुठे करायची. आणि दुसरा, हल्ली हल्ली सुरू झालेला, म्हणजे लोकर! डबा संपतो, कुणीतरी लॅपटॉपच्या बॅगेतून हळूच एक गुंडा बाहेर काढतं आणि बोटं सुरू होतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून अनेकांनी पहिल्यांदाच क्रोशाची सुई हातात धरली. काहींनी ती महिन्याभरात ड्रॉवरमध्ये टाकली, काहींच्या हातून ती अजून सुटलेली नाही. आणि यात फक्त मुलीच आहेत असं समजू नका. टेस्टिंग टीममधला एखादा पठ्ठ्याही मीटिंग म्यूटवर टाकून मफलर विणत बसलेला सापडतो.

तर या सगळ्या नव्या विणकरांचा पहिला प्रश्न एकच असतो. डिझाइन आवडलं, लोकर आवडली, रंगही ठरला. आता सुई कितीची घ्यायची?

घरी फोन केला तर आई म्हणते, 'आठ नंबर घे, डोळे झाकून.' दुकानात जाऊन आठ नंबर मागितला की दुकानदार जोडी काढून देतो. घरी येऊन व्हिडिओ लावला की त्यातली बाईही हसतमुखानं 'साइज एट'च सांगते. सगळं कसं जुळलं! फक्त एक घोळ आहे. आईची आणि दुकानदाराची आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि व्हिडिओतल्या अमेरिकन बाईची ५ मिलिमीटरची. एका मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटत असेल तर पुढे वाचाच.

नंबर मोठा, सुई बारीक

आपल्या आई-आजीच्या तोंडी बसलेले नंबर ब्रिटिश आहेत आणि ते उलटे चालतात. १४ नंबरची सुई अगदी बारीक, २ मिलिमीटरची. १० नंबरची सव्वातीन, ८ नंबरची ४, ६ नंबरची ५ मिलिमीटर. नंबर वाढला की सुई बारीक होते. असं का?

कारण हे नंबर तारेच्या गेजच्या घराण्यातले आहेत. तार कशी करतात? धातूची कांब एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढत न्यायची. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी ती बारीक, आणि तितका तिचा नंबर मोठा. ब्रिटनमध्ये १८८४ साली या गेजचं अधिकृत कोष्टक लागू झालं. त्यात ८ नंबरची तार ०.१६० इंचाची आहे, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर. १० नंबरची ०.१२८ इंच, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अगदी आपल्या सुयांसारखंच!

विश्वास बसत नसेल तर गावाकडच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बघा. विहिरीवरची मोटर जळाली की तिथे तांब्याची तार अजूनही गेजच्या नंबरावर मागतात, आणि नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. आजीची सुई आणि विहिरीवरची मोटर एकाच कोष्टकातली, बोला!

भारतात १९५६च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली. शेर गेला, मण गेला, वाराची जागा मीटरनं घेतली. सुयांचे नंबर मात्र तसेच राहिले. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या 'पोनी' सुया बनवणारी नीडल इंडस्ट्रीज ही कंपनी १९४९ साली निलगिरीतल्या केट्टीला सुरू झाली, तीच मुळी इंग्लंडमधल्या स्टडलीच्या कंपनीची उपकंपनी म्हणून. त्यामुळे ब्रिटिश नंबर इथे मुरले यात नवल नाही. खुद्द ब्रिटननं १९७०च्या दशकात सुया मिलिमीटरवर नेल्या, आपल्या आज्या मात्र दहा आणि आठवर ठाम.

अमेरिकेचं गणित सरळ. नंबर मोठा, सुई जाड. त्यांची १० नंबरची सुई तब्बल ६ मिलिमीटरची. म्हणजे आपल्या दहाच्या जवळजवळ दुप्पट!

धर्मापुरीचा स्वेटर, हिंजवडीच्या सुया

या दोन नंबरांची टक्कर झाली की काय होतं, त्याचा एक खरा नमुना माझ्या मैत्रिणीच्या कपाटात आहे. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, मूळची बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीची. केदारेश्वराचं जुनं देऊळ आणि किल्ला असलेलं, परळी-अंबाजोगाईकडचं गाव. तिकडे दुपारी ऊन चटके देतं, पण डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे बाळाला झबल्यावर काहीतरी घालावंच लागतं. तिच्या आजीनं घरातल्या प्रत्येक नातवंडासाठी पहिला स्वेटर स्वतः विणला. कधी कागद नाही, पुस्तक नाही. सगळं डोक्यात.

यंदा मैत्रिणीला बाळ होणार होतं, आणि आजीच्या डोळ्यांना आता बारीक टाके दिसत नाहीत. म्हणून आजीनं फोनवरून स्वेटर सांगितला आणि नातीनं लिहून घेतला. पाठीचे साठ टाके. दहाच्या सुईवर दोन इंच काठ, एक सुलट, एक उलट. मग आठच्या सुईवर अंग. बस्स.

नातीनं ऑनलाइन छानसा रंगीत सेट मागवला, त्यातल्या १० आणि ८ नंबरच्या सुया घेतल्या आणि दोन वीकेंड खपून पाठ विणली. सेट अमेरिकन नंबरांचा होता. काठ विणला गेला ६ मिलिमीटरवर आणि अंग ५ मिलिमीटरवर. जो काठ बाळाच्या पोटाला हलकेच धरून बसायचा, तो फ्रॉकच्या झालरीसारखा पसरला. पाठ दहा इंचांची व्हायची, ती अंगात बारा आणि काठाला पंधरा इंच झाली.

व्हिडिओ कॉलवर आजीनं आधी पाठ बघितली, मग सुई.

'अगं माय, दहाची सुई बारीक असती. ह्यो दांडा कुठून आणलास?'

'आज्जी, यावर दहाच लिहिलंय गं!'

'लिहिलेलं राहू दे. माझ्या सुया ट्रंकेत हायत, त्या घेऊन जा.'

पुढच्या वारीला मैत्रिणीचा भाऊ ट्रंकेतल्या सुया घेऊन आला. त्यांच्या टोपीवरचे नंबर कधीच पुसले गेले होते. भाऊ इंजिनीअर. त्यानं व्हर्निअर कॅलिपर काढला आणि मोजलं. एक जोडी सव्वातीन मिलिमीटर, दुसरी चार. आजीचं दहा आणि आठ!

यातली मेख लक्षात आली का? सुया नुसत्या जाड असत्या तर स्वेटर नुसता मोठा झाला असता, बाळाला पुढच्या वर्षी घालता आला असता. पण दोन पद्धतींत नंबर उलटे चालतात, त्यामुळे बारीक काठ जाड झाला आणि स्वेटरचा आकारच बिघडला.

बेरीज चौदा

आता यावरचा सोपा उपाय. ब्रिटिश ४ ते ९ नंबरांपर्यंत एक गंमत आहे. ब्रिटिश नंबर आणि त्याच जाडीचा अमेरिकन नंबर यांची बेरीज १४ येते!

ब्रिटिश ९ म्हणजे अमेरिकन ५, ३.७५ मिलिमीटर.
ब्रिटिश ८ म्हणजे अमेरिकन ६, ४ मिलिमीटर.
ब्रिटिश ७ म्हणजे अमेरिकन ७, ४.५ मिलिमीटर.
ब्रिटिश ६ म्हणजे अमेरिकन ८, ५ मिलिमीटर.
ब्रिटिश ५ म्हणजे अमेरिकन ९, ५.५ मिलिमीटर.
ब्रिटिश ४ म्हणजे अमेरिकन १०, ६ मिलिमीटर.

सातावर दोन्ही देशांचं एकमत. आपला लाडका दहा नंबर मात्र या पाढ्यात बसत नाही. ब्रिटिश १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि अमेरिकेत ती सुई ३ नंबरची. तेवढं एक पाठ करून टाका.

पण खरं सांगू? सगळ्यात चांगलं म्हणजे दुकानात नंबर मागूच नका. मिलिमीटर मागा. सुईवर नाहीतर पाकिटावर ते बहुतेक वेळा छापलेलं असतं. मिलिमीटर पुण्यात तेवढाच, लंडनमध्ये तेवढाच आणि धर्मापुरीतही तेवढाच.

आधी लोकर, मग सुई

सुई निवडायची ती लोकरीकडे बघून. आणि इथे दुसरा गोंधळ उभा असतो, 'प्लाय' नावाचा. फोर प्लाय म्हणजे चार पदर एकत्र पिळून केलेला धागा. पण पदर चार आहेत एवढ्यावरून जाडी कळत नाही. चार बारीक पदरांचा धागा बारीकच होणार आणि चार जाड पदरांचा जाड. त्यात ब्रिटिश पॅटर्नमध्ये 'फोर प्लाय' हे एका ठरावीक बारीक लोकरीचं नावही आहे. म्हणून लेबलवर 'फोर प्लाय' दिसलं की लगेच भुलू नका. त्याच लेबलवर दोन सुयांचं किंवा आकडीचं छोटं चित्र आणि शेजारी मिलिमीटर दिले आहेत का, ते बघा. असतील तर तिथून सुरुवात करा.

लेबल हरवलंय? किंवा आईच्या कपाटातला जुना गुंडा सापडलाय? मग शाळेतली पट्टी काढा. धागा पट्टीवर एक इंचभर गुंडाळा. वेढे एकमेकांना चिकटून हवेत, पण एकावर एक नकोत आणि धागा ताणायचाही नाही. मग वेढे मोजा.

१५ ते १८ वेढे : बाळांची बारीक लोकर. विणायच्या सुया ३ ते ३.७५ मिलिमीटर, क्रोशा ३ ते ४.
११ ते १४ वेढे : मध्यम-हलकी, पाकिटावर 'डीके' लिहिलेली. सुया ३.७५ ते ४.५, क्रोशा ४ ते ५.५.
९ ते १० वेढे : मध्यम-जाड, अमेरिकन पॅटर्नमधली 'वर्स्टेड'. सुया ४.५ ते ५.५, क्रोशा ५ ते ६.५.
६ ते ८ वेढे : जाड, 'चंकी'. सुया ५.५ ते ८, क्रोशा ६.५ ते ९.
५ किंवा कमी : एकदम जाडजूड. सुया ८ च्या पुढे, क्रोशा ९ च्या पुढे.

या आकड्यांत थोडं मागेपुढे चालतंच. एक गोष्ट मात्र बघा. एकाच लोकरीला क्रोशाची सुई विणायच्या सुईपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर जाड लागते. क्रोशाचे टाके एकमेकांत जास्त गुंततात, बारीक सुईवर ते पुठ्ठ्यासारखे कडक होतात.

आणि हो, दुकानात आपण जिला सरसकट 'लोकर' म्हणतो, ती बऱ्याचदा मेंढीची नसतेच. लुधियानाकडून येणाऱ्या गुंड्यांत अ‍ॅक्रिलिकचा भरणा मोठा असतो. हलकं, स्वस्त, घरी धुता येतं, म्हणून बाळाच्या कपड्यांना चालतंही. पण त्यावर गरम इस्त्री ठेवू नका. धागा वितळून मऊ पडतो आणि टाके कायमचे चपटे होतात. खरी मेंढीची लोकर ताणली की परत जागेवर येते, त्यामुळे काठाला ती उत्तम. सुती धागा असा परत येत नाही. तो जड असतो आणि वापरून वापरून सैल पडतो, म्हणून सुती टॉप विणताना लेबलवर सांगितल्यापेक्षा एक माप बारीक सुई वापरून बघायला हरकत नाही.

मग मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात धनगरांच्या दख्खनी मेंढ्या आहेत, त्यांची लोकर का नाही? ती राठ आणि खरखरीत असते. घोंगडीला तीच हवी. पाऊस, काटेकुटे, वर्षानुवर्षांचा वापर सगळं ती सोसते. बाळाच्या गळ्याशी मात्र नको. जाड सुईवर विणलेली पिशवी किंवा आसन यासाठी ती झकास.

तोरण, रुमाल आणि टेडी

क्रोशा हा शब्दच फ्रेंच, त्याचा अर्थ छोटी आकडी. आपल्याकडे टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण आणि ताटावरचं झाकण यांतून तो घराघरांत पोचला. ही कामं लोकरीची नाहीत, सुती दोऱ्याची. आणि दोऱ्याचे नंबर? तेही उलटे! १० नंबरचा दोरा जाड, २० चा त्याहून बारीक, ४० चा आणखी बारीक, ८० चा तर केसासारखा. १० नंबरच्या दोऱ्याला साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटरची स्टीलची सुई लागते, २० ला सव्वा ते दीड, ४० ला १ मिलिमीटरच्या आसपास.

अमेरिकन लोकांनी इथेही एक पाचर मारून ठेवलीय. त्यांच्या लोकरीच्या क्रोशा-सुयांना अक्षरं असतात. 'जी' म्हणजे ४ मिलिमीटर, 'एच' म्हणजे ५, 'जे' म्हणजे ६. पण त्यांच्याच स्टीलच्या बारीक सुयांचे नंबर मात्र मोठा तितका बारीक असे चालतात. म्हणून पुन्हा तेच. मिलिमीटर!

टाक्यांच्या नावांतही हाच तमाशा. अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'डबल क्रोशे', आणि अमेरिकन 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. व्हिडिओ कुठला हे न बघता सुरू केलात तर रुमालाची उंचीच बदलते. आपल्या बायकांनी हा प्रश्न कधीच निकालात काढलाय. साखळी, मुका खांब, खांब. अमेरिकन सिंगल म्हणजे मुका खांब आणि अमेरिकन डबल म्हणजे खांब. ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर उभं राहतं की नाही?

सध्या सगळ्यात जास्त चालतंय ते अमिगुरुमी, म्हणजे क्रोशानं विणलेली जपानी पद्धतीची छोटी खेळणी. इथे लेबलचा नियम मोडायचा. लेबल ५ मिलिमीटर म्हणत असेल तर साडेतीन-चारची सुई घ्या. विण घट्ट झाली पाहिजे, नाहीतर टेडीच्या पोटातला कापूस टाक्यांतून डोकावतो. लहान मूल तो बोटानं ओढणार आणि तोंडात घालणार, हे ठरलेलं!

हात कुणाचा, टाके कुणाचे

आता मुख्य मुद्दा. समजा मिलिमीटर जुळले, लोकर जुळली. तरी स्वेटर जुळेल का? नाही!

आमच्या धर्मापुरीकर मैत्रिणीचंच बघा. आजीच्याच सुया, तशीच लोकर, साठच टाके. तरी पाठ दहा इंचांऐवजी जवळजवळ अकरा इंच भरली. कारण आजीचा हात घट्ट. तिचे इंचाला सहा टाके बसायचे. नातीचा हात सैल, इंचाला साडेपाच. मग तिनं अंगासाठी ८ ऐवजी ९ नंबरची, म्हणजे पावणेचारची सुई घेतली, आणि इंचाला सहा टाके बरोबर आले. आजीचा 'आठ' नातीच्या हातात 'नऊ' झाला. नंबर आजीच्या हातासाठी बरोबर होता. हात बदलला, म्हणून नंबर बदलला.

इंग्रजीत याला 'टेन्शन' म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. बॉसचा मेल वाचून लगेच विणायला बसा, टाके हमखास आवळले जातात. रविवारी गाणी ऐकत विणा, तेच टाके सैल पडतात.

म्हणून नमुना विणायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण अर्ध्या तासात होतं. पाच-सहा इंचांचा चौकोन विणा. ज्या विणीत कपडा करणार, त्याच विणीत. मग जसा कपडा धुणार तसाच तो धुवा आणि पसरून वाळवा. कडा सोडून मधल्या चार इंचांतले टाके मोजा आणि चारनं भागा.

पॅटर्नपेक्षा टाके जास्त भरले? सुई जाड घ्या. कमी भरले? सुई बारीक घ्या. पाव-अर्ध्या मिलिमीटरनं बदलत जा, जमून जातं.

एवढं करायची गरज आहे का, असं वाटत असेल तर एक हिशेब करू. छातीचा घेर ३६ इंच, पॅटर्न इंचाला साडेपाच टाके सांगतोय. म्हणजे १९८ टाके. तुमच्या हातात इंचाला पाचच टाके बसले. १९८ भागिले ५ म्हणजे ३९.६ इंच! अर्ध्या टाक्याच्या फरकानं स्वेटर साडेतीन इंचांहून जास्त ढगळ. दोन महिन्यांची संध्याकाळ, हजारभर रुपयांची लोकर, आणि ज्याच्या वाढदिवसासाठी विणलात तो म्हणणार, 'छान आहे, पण बाबांना होईल.'

कापड कसं हवंय?

सुई बदलली की फक्त माप बदलत नाही, कापडाचा पोतही बदलतो. म्हणून काय विणताय ते आधी ठरवा.

स्टोल, शाल : अंगावर झुळझुळ पडायला हवी. लेबलपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर जाड सुई.

पिशवी, मोबाइल कव्हर, खेळणी : आकार धरायला हवा. लेबलपेक्षा बारीक सुई.

स्वेटरचा काठ, टोपीची पट्टी : अंगाच्या सुईपेक्षा पाऊण-एक मिलिमीटर बारीक. आजीचं दहा आणि आठ हेच सांगत होतं!

बाळाची टोपी, मोजे : मऊ लोकर, मध्यम घट्ट विण. मोठी भोकं नकोत, बाळाची बोटं त्यांत अडकतात.

सुई कशाची, यानंही फरक पडतो. धातूच्या सुईवर टाके सरसर घसरतात, हात वेगानं चालतो. बांबूची सुई टाके धरून ठेवते, त्यामुळे शिकाऊ हाताला ती बरी. गुळगुळीत, निसरड्या धाग्याला बांबू, चिकट-खरखरीत धाग्याला धातू, असा साधा मेळ घाला. नमुना बांबूवर विणला असेल तर कपडाही बांबूवरच विणा. सुई बदलली की टाकाही बदलू शकतो.

पहिली खरेदी

सुरुवातीलाच बावीस सुयांचा सेट घेऊ नका. त्यातल्या अठरा सुया ड्रॉवरमध्येच राहतात. पुण्यात असाल तर तुळशीबागेत एक चक्कर मारा, एवढं पुरे : विणायच्या सुयांच्या दोन जोड्या, ४ आणि सव्वातीन मिलिमीटर. क्रोशाच्या दोन सुया, लोकरीसाठी ४ मिलिमीटर आणि दोऱ्यासाठी दीड मिलिमीटर स्टीलची. लोकर डीकेच्या जाडीची आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत, नव्या माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

लोकल किंवा मेट्रोत विणणार असाल तर मधे वायर असलेल्या गोल सुया घ्या. त्यांवर सपाट कापडही विणता येतं आणि शेजारच्याच्या बरगडीत सुईचं टोक जात नाही.

घरात जुन्या सुया असतील तर त्या टाकू नका. नंबर पुसला गेला असेल तर सुयांचं माप घ्यायची भोकांची पट्टी मिळते. ज्या भोकातून सुई अडकून न बसता, पण डुगडुगही न करता जाते, ते तिचं माप. पट्टी नसेल तर एखादा इंजिनीअर मित्र पकडा. व्हर्निअर कॅलिपर वापरायला मिळाला म्हणून तोच तुम्हाला चहा पाजेल!

एक वही करा

आई-आजीच्या सांगण्यात मिलिमीटर का नसतात? कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही. १९६२च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. अशा काळात शेजारणीकडून शेजारणीकडे स्वेटर जायचा तो 'दहावर काठ, आठवर अंग' एवढ्या एका वाक्यात. सगळ्यांच्या सुया त्याच नंबरांच्या, हात एकमेकींसमोर बसून तयार झालेले. चुकलं तर सात पावलांवर विचारायची सोय. आज आजी एका गावात, आपण दुसऱ्या शहरात, सुया ऑनलाइन आणि शिकवणारी बाई भलत्याच खंडात. ते एक वाक्य आता पुरत नाही.

म्हणून यंदा घरी जाल तेव्हा फराळाबरोबर आणखी एक गोष्ट घेऊन या. आई, आजी, मावशी, काकू, घरात जी विणते तिच्यासमोर वही घेऊन बसा आणि प्रत्येक विणीसाठी चारच गोष्टी लिहा. सुई किती मिलिमीटरची, लोकरीचे इंचाला वेढे किती, तिच्या हाताचे इंचाला टाके किती, आणि विणायला घेतलेले टाके किती. शक्य असेल तर तिच्या हातचा चार इंचांचा चौकोन विणून घ्या आणि त्याच पानाला टाचणीनं लावून ठेवा.

टाक्यांचा आकडा फोनवर सांगता येतो. हात किती घट्ट चालायचा, हे मात्र त्या चौकोनावरच मोजता येतं. आजीचे डोळे चांगले आहेत तोवर तो विणून घ्या.